सामन्याचा दिवस कोणाचा?

खेळ हा शिक्षणाचाच एक भाग आहे, हें तत्त्व आतां कोणी नाकारीत नाहीं. शाळांच्या वेळापत्रकांत खेळाला तास मिळाला, मैदानें आलीं, ढाली आणि प्याले आले. परंतु तें शिक्षण देण्याचें काम ज्या वडील मंडळींकडे असतें, त्यांचें स्वतःचें वर्तन मैदानावर कसें असावें, या प्रश्नाकडे व्हावें तितकें लक्ष झालेलें दिसत नाहीं. सरावाच्या दिवशीं सर्वच शिक्षक शहाणे असतात. कसोटी लागते ती सामन्याच्या दिवशीं. त्या दिवशीं मैदानावर दोन परीक्षा एकाच वेळीं चाललेल्या असतात; एक मुलांची, आणि दुसरी त्यांच्या शिक्षकाची व आईबापांची. पहिलीचा निकाल फळ्यावर लिहिला जातो. दुसरीचा निकाल कोठेंच लिहिला जात नाहीं. मात्र मुलांच्या मनावर तोच अधिक काळ उमटून राहतो.

या विचारास अमेरिकेंतील मुलांच्या बेसबॉलचें उदाहरण फार उपयोगी पडतें. तेथें गांवोगांवच्या मुलांच्या संघांस शिकविणारा मनुष्य, ज्याला कोच म्हणतात तो, बहुधा पगारी नसतो. संघांतील एखाद्या मुलाचे वडील किंवा आई आपला उद्योग सांभाळून संध्याकाळीं व सुटीच्या दिवशीं हें काम हौसेनें करीत असतात. अर्थात् शिक्षक व पालक या दोन्ही भूमिका एकाच माणसाच्या वांट्यास येतात, आणि दोहोंचे गुणदोष सामन्याच्या दिवशीं एकदम दिसून येतात. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेंही आज अशा संघांतून खेळतात; आणि बेसबॉलची धाकटी बहीण जी सॉफ्टबॉल, ती तर महाराष्ट्रांतील शाळांतूनही खेळली जाते. तेव्हां हा विषय आपल्याला अगदींच परका नाहीं.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. क्रिकेटप्रमाणें यांतही एकानें चेंडू टाकावयाचा व दुसऱ्यानें तो टोलवावयाचा असतो. टाकणारा तो पिचर, आणि फलंदाजाच्या मागें बसून चेंडू झेलणारा तो कॅचर. चेंडू टप्पा न घेतां थेट फलंदाजाकडे येतो, आणि तीनदां तो योग्य असून हुकला कीं फलंदाज बाद होतो. टोला बसला तर त्यानें हातांतील दांडकें टाकून धांवत सुटावें, चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरील बेसांना पाय लावावा व मूळ जागीं परत यावें. म्हणजे एक धांव झाली. तीन गडी बाद झाले कीं बाजू बदलते. मोठ्यांच्या सामन्यांत प्रत्येक संघाला असे नऊ डाव मिळतात, लहान मुलांच्या सामन्यांत सहा.

लहान मुलांसाठीं या खेळाची व्यवस्थित घडी बसविण्याचें श्रेय पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील विल्यम्सपोर्ट या गांवच्या कार्ल स्टॉट्झ या गृहस्थांकडे जातें. आपल्या नात्यांतील दोन लहान मुलांची खेळण्याची हौस पाहून त्यांनीं 1939 सालीं अवघे तीन संघ उभे केले, आणि त्या वर्षीं 6 जून रोजीं पहिला सामना झाला. लिटल लीग या नांवानें हीच संस्था पुढें जगभर पसरली. स्टॉट्झ यांनीं केलेली मुख्य गोष्ट दिसावयास साधी आहे. मोठ्यांच्या मैदानावर एका बेसापासून दुसऱ्या बेसापर्यंत 90 फूट अंतर असतें. मुलांसाठीं तें 60 फूट ठरलें. मोठ्यांचा पिचर 60 फूट 6 इंचांवरून चेंडू टाकतो. लिटल लीगमध्यें बारा वर्षांपर्यंतचीं मुलें आज 46 फुटांवरून टाकतात. कपडा मुलाच्या अंगाला बेतावा, मुलाला कपड्याच्या मापानें ओढूं ताणूं नये, हें या आंकड्यांचें तात्पर्य होय. मैदान लहान करणें सोपें होतें. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या वडील माणसांची महत्त्वाकांक्षा त्याच मापानें लहान करणें मात्र आजपर्यंत कोणाला पुरतें साधलेलें नाहीं.

आतां सामन्याच्या दिवसाकडे वळूं. शिक्षकाचें पहिलें कर्तव्य हें कीं, त्या सकाळीं त्यानें नवा धडा देऊं नये. जें शिकवावयाचें तें सरावांत शिकवून झालें असलें पाहिजे. मुलांनीं वेळेवर यावें, हातपाय मोकळे करावे, दोघादोघांनीं समोरासमोर उभें राहून चेंडू फेंकावा व झेलावा, कोणी कोणत्या जागीं उभें राहावयाचें व कोणाच्या मागून कोणीं फलंदाजीस जावयाचें हें त्यांना स्पष्ट सांगावें. एवढें झालें कीं तयारी झाली. परंतु पुष्कळ शिक्षकांना इतक्यावर राहवत नाहीं. मुलगा फलंदाजीस उभा राहिला कीं, कोपर वर घे, गुडघा वांकव, नजर चेंडूवर ठेव, अशा आज्ञांचा भडिमार सुरू होतो. वडील एका बाजूनें ओरडतात, शिक्षक दुसऱ्या बाजूनें. पिचरच्या हातून सुटलेला चेंडू मुलापर्यंत पोंचण्यास सुमारें अर्धा सेकंद लागतो. तेवढ्या अवधींत त्यानें चेंडू पाहावा कीं तिघांचीं वाक्यें ऐकावीं? परीक्षेच्या दालनांत शिरून उत्तर लिहीत असलेल्या मुलाच्या कानाशीं व्याकरणाचे नियम सांगणाऱ्या मास्तरास आपण काय म्हणूं? मैदानावर मात्र तेंच वर्तन आस्थेचें लक्षण समजलें जातें. सराव हा शिक्षकाचा दिवस, सामना हा मुलांचा. हा भेद ज्याला कळला त्यानें या कामांतील अर्धें शहाणपण मिळविलें असें समजावें.

दुसरें कर्तव्य संघांतील सर्वांत कच्च्या मुलासंबंधीं आहे. मैदानांत एका वेळीं नऊ जण उभे राहतात; संघांत बहुधा तीन-चार मुलें अधिक असतात. जिंकण्याची हांव शिक्षकाच्या मनांत शिरली कीं पहिला बळी या बाकावरील मुलांचा पडतो. म्हणून लिटल लीगच्या नेहमींच्या मोसमांत असा नियम आहे कीं, हजर असलेल्या प्रत्येक मुलाला निदान एकदां फलंदाजी मिळाली पाहिजे, आणि प्रतिपक्षाचे सहा गडी बाद होईपर्यंत, म्हणजे दोन डाव, त्याला क्षेत्ररक्षणासाठीं मैदानांत उभें करावें. नियम चांगला आहे. परंतु नियमाची तळाची रेघ ही कर्तव्याची शेवटची सीमा मानणारे लोक सर्वत्र असतात. कच्च्या मुलाला मोजके दोन डाव, तेही ज्या कोपऱ्यांत चेंडू क्वचित् जातो अशा ठिकाणीं, आणि मग परत बाकावर. यांत नियम पाळला जातो, परंतु त्या मुलाला आपली किंमत काय ठरली तें न सांगतां कळतें. बाकावरचें मूल खेळ शिकण्यास आलेलें असतें. संख्या भरण्यास आलेलें नसतें. ज्याला आज चेंडू झेलतां येत नाहीं त्यालाच झेलण्याची संधि सर्वांत अधिक पाहिजे, ही गोष्ट वर्गांतील शिक्षकाला पटते. ती मैदानावरील शिक्षकाला कां पटूं नये?

तिसरें कर्तव्य मुलाच्या शरीराविषयीं आहे, आणि हें सर्वांत गंभीर होय. पिचरच्या खांद्यावर व कोपरावर प्रत्येक चेंडूगणिक मोठा ताण पडतो. वाढत्या वयांत हाडांच्या टोकांशीं जो कूर्चेचा मऊ भाग असतो तो अद्याप पक्का झालेला नसतो. अतिश्रमानें तोच दुखावतो. पुढें कोपराच्या आंतल्या बाजूचा बंधही तुटूं शकतो. टॉमी जॉन या नामांकित पिचरच्या कोपरावर 1974 सालीं डॉक्टर फ्रँक जोब यांनीं शस्त्रक्रिया करून असा तुटलेला बंध नवा बसविला, आणि ती शस्त्रक्रिया त्या पिचरच्याच नांवानें प्रसिद्ध झाली. एके काळीं प्रौढ खेळाडूंवरील ही अपूर्व शस्त्रक्रिया आज शाळकरी वयाच्या मुलांवरही करावी लागते, यापेक्षां अधिक लाजिरवाणी गोष्ट ती कोणती? लिटल लीगनें 2007 सालापासून एका दिवसांत टाकावयाच्या चेंडूंची मर्यादा घालून दिली. 7 व 8 वर्षांच्या मुलास 50, 9 व 10 वर्षांच्या मुलास 75, आणि 11 व 12 वर्षांच्या मुलास 85, याहून अधिक चेंडू टाकूं द्यावयाचे नाहींत. एका दिवसांत 66 किंवा अधिक चेंडू टाकले तर पुढें पूर्ण चार दिवस विश्रांति दिलीच पाहिजे.

परंतु शेवटचा डाव चालू आहे, एका धांवेची आघाडी आहे, पिचर उत्तम टाकतो आहे, आणि मर्यादेस अजून दहा चेंडू शिल्लक आहेत; मात्र मुलगा दर चेंडूनंतर हळूच कोपर चोळतो आहे. हा प्रसंग वहीतल्या आंकड्यांनीं सुटत नाहीं. मुलाला विचारलें तर तो दुखत नाहीं असेंच सांगणार, कारण त्याला बाहेर जावयाचें नसतें, आणि आपल्या शिक्षकास निराशही करावयाचें नसतें. अशा वेळीं शिक्षकानें स्वतः उठून जावें, चेंडू हातांत घ्यावा, मुलाच्या पाठीवर हात ठेवावा, आणि दुसऱ्याला बोलवावें. सामना गेला तरी चालेल. त्या मुलाला तो हात पुढें पन्नास वर्षें वापरावयाचा आहे.

हे सर्व नियम एकत्र वाचले म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानांत येते. मुलांच्या खोड्यांना आळा घालण्यासाठीं ते झालेले नाहींत. वडील माणसांच्या हांवेला लगाम म्हणून ते एकामागून एक करावे लागले. मुलांना सर्वांनीं खेळावें असेंच वाटतें. गल्लींतील मुलें लहानग्याला लिंबूटिंबू म्हणून कां होईना, पण खेळांत घेतात. त्याला बाहेर बसविण्याची कल्पना आपल्याला सुचते.

चौथी कसोटी मुलाच्या हातून चूक होते तेव्हां लागते. बेसबॉल हा अपयशाचा खेळ आहे असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. टेड विल्यम्स या थोर फलंदाजानें 1941 सालीं जो पराक्रम केला त्याचें स्मरण अमेरिकेंत अजून आदरानें होतें. त्या वर्षीं त्यानें 456 प्रयत्नांत 185 यशस्वी टोले मारले. याचा अर्थ उरलेल्या 271 वेळां तो अयशस्वी झाला. दहांपैकीं सहा वेळां निराश होऊन परतणारा मनुष्य ज्या खेळांत सर्वश्रेष्ठांत गणला जातो, त्या खेळांत दहा वर्षांच्या मुलाचा चेंडू हुकला म्हणून कपाळावर हात मारून घेणाऱ्या बापास काय म्हणावें? चूक झाली त्या क्षणीं मूल चेंडूकडे पाहात नाहीं. तें बाजूला उभ्या असलेल्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडे पाहतें. तेथें जें दिसेल त्यावर पुढचा चेंडू अवलंबून असतो.

या संबंधांत बेब रूथची हकीकत स्मरणीय आहे. बाल्टिमोर येथील सेंट मेरीज या औद्योगिक शाळेंत 1902 सालीं सात वर्षांचा हा व्रात्य मुलगा आणून ठेवला गेला. तेथें ब्रदर मॅथायस नांवाचे धिप्पाड शिस्त-अधिकारी होते. तेच मुलांना खेळही शिकवीत. एकदां आपल्याच संघाच्या पिचरची त्रेधा उडालेली पाहून रूथ मोठ्यानें हंसूं लागला. तेव्हां ब्रदर मॅथायस यांनीं, इतकें हंसूं येतें तर तूंच जाऊन टाक, असें सांगून त्याला पुढें पाठविलें. ही शिक्षा होती कीं शिकवण होती हें सांगणें कठीण; परंतु दुसऱ्याच्या अपयशास हंसणाऱ्याला त्याच जागीं उभें करण्याची ही युक्ति शंभर उपदेशांच्या तोडीची आहे. आणि त्याच जागेंतून रूथचें भाग्य उदयास आलें. 1914 सालीं तो त्या शाळेंतून बाहेर पडला तो धंदेवाईक संघाचा पिचर म्हणून. पुढें फलंदाज म्हणून त्याची कीर्ति जगभर झाली, तरी ब्रदर मॅथायस यांच्याएवढा थोर मनुष्य आपण पाहिला नाहीं, असें तो सांगत असे.

पांचवी गोष्ट अंपायरची. मुलांच्या सामन्यांत अंपायर हा पुष्कळदां सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थीच असतो. त्याचा एखादा निर्णय चुकतो. मोठ्यांच्या सामन्यांतही चुकतो. त्यावर शिक्षक तावातावानें धांवून जातो व पालक जाळीमागून अपशब्द बोलतात. अशा त्रासाला कंटाळून अनेकांनीं हें काम सोडलें, आणि अमेरिकेंत कित्येक ठिकाणीं मुलांच्या सामन्यांना अंपायर मिळणें कठीण होऊन बसलें आहे. मुलगा जाळीपलीकडून आपल्या बापाचा आवाज ओळखतो, हें विसरतां कामा नये. न्याय आपल्या विरुद्ध गेला असतां तो कसा सोसावा, हा धडा मुलाला पुस्तकांतून मिळावयाचा नाहीं.

वडील माणसांचा मोह अनावर झाला म्हणजे काय होतें, याची साक्ष इतिहास देतो. 1955 सालीं साउथ कॅरोलिना संस्थानांतील चार्ल्स्टन शहरांत कॅनन स्ट्रीट वाय. एम. सी. ए. या संस्थेचा कृष्णवर्णीय मुलांचा संघ स्पर्धेंत उतरला. त्यांच्याशीं खेळावयाचें नाहीं असें ठरवून संस्थानांतील गोऱ्या मुलांच्या संघांच्या चालकांनीं आपले संघ काढून घेतले. प्रतिस्पर्धीच उरला नाहीं, म्हणून हीं मुलें विजयी ठरलीं. आणि सामना खेळून विजय मिळविला नाहीं, म्हणून त्यांस पुढें खेळण्याची मनाई झाली! त्यांना विल्यम्सपोर्टला पाहुणे म्हणून नेण्यांत आलें, आणि इतर मुलांचे सामने त्यांनीं प्रेक्षकांत बसून पाहिले. या मुलांना खेळूं द्या, असा पुकारा त्या वेळीं प्रेक्षकांतून झाला. त्यांना आपल्या संस्थानाचे विजेते म्हणून मान मिळाला तो 2002 सालीं, मुलें पन्नाशी उलटून गेल्यावर! मुलींची कथा निराळी नाहीं. लिटल लीगचें दार त्यांना 1974 सालीं, न्यायालयांतून झगडावें लागल्यानंतर, उघडलें. 2001 सालीं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतील एका संघाच्या अद्वितीय पिचरचें वय 12 नसून 14 असल्याचें उघडकीस आलें, आणि त्या संघाचे सारे विजय रद्द झाले. खोटा दाखला कांहीं त्या मुलानें बनविला नव्हता; अपकीर्ति मात्र त्याच्या नांवाला चिकटली. या तिन्ही प्रसंगीं मुलांना खेळावयाचें होतें, आणि मोठ्यांना दुसरेंच कांहीं पाहिजे होतें.

यावर कोणी म्हणेल कीं, मग जिंकण्याची इच्छाच नको काय? हार-जीत नसेल तर सामना कशाला? हा आक्षेप टाळण्यासारखा नाहीं. जिंकण्याची इच्छा खेळाचा प्राण आहे. जो मुलगा जीव तोडून धांवत नाहीं त्याला खेळाचा आनंदही मिळत नाहीं, आणि हरल्यावर डोळ्यांत पाणी येणें हें कांहीं वाईट लक्षण नव्हे. शिक्षकानें संघ चांगला तयार करावा, डावपेंच शिकवावे, विजयासाठीं झटावें. माझें म्हणणें एवढेंच कीं, ही इच्छा मुलांची असावी. शिक्षकानें आपली अपुरी राहिलेली हौस मुलांच्या अंगावरून पुरी करून घेऊं नये. मुलगा हरला तर घटकाभर रडतो, आणि दुसऱ्या घटकेला खाऊ कोठें मिळतो तें विचारतो. बाप हरला तर आठ दिवस धुमसतो. यावरून विजयाची खरी गरज कोणाला होती तें ओळखावें.

सामना संपल्यावरची घटका सर्वांत नाजूक असते. दोन्ही संघांनीं समोरासमोर येऊन हात मिळविले कीं शिक्षकानें मुलांना गोल बसवावें, प्रत्येकाच्या एखाद्या चांगल्या गोष्टीचा नांव घेऊन उल्लेख करावा, आणि दोन मिनिटांत त्यांना मोकळें करावें. चुकांचा पाढा पुढच्या सरावापर्यंत थांबूं शकतो. घरीं परततांना गाडींत पालकांनीं तर मौनच धरावें. मुलगा स्वतः बोलला तर ऐकावें. न बोलला तर खिडकींतून बाहेर पाहूं द्यावें. तूं खेळतांना पाहून मला बरें वाटलें, एवढें एक वाक्य पुरेसें आहे, आणि तें हरल्याच्या दिवशीं अधिक अवश्य आहे.

बेसबॉल आपल्या गांवीं नसेल, पण सामन्याचा दिवस आपल्याकडेही येतो. खो-खोच्या पाटीवर, कबड्डीच्या मैदानावर, वक्तृत्वाच्या व्यासपीठावर आणि परीक्षेच्या निकालाच्या दिवशींही तो येतो. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या संघांतील जो सर्वांत कच्चा असेल त्याला झेल सुटल्यावर पहिला धीर तुम्हीच द्या. तुम्हांपैकीं कित्येक जण पुढें कोणाचे ना कोणाचे शिक्षक व आईबाप होणार आहां, त्याचा सराव आजपासून करा. आणि पालकहो, आपण मुलासाठीं मैदानापर्यंत आलांत, हें त्याच्यावर मोठें प्रेम आहे. आतां कडेच्या रेघेपाशीं थांबावें. रेघेच्या आंतला दिवस त्याचा आहे.